उलट्या वाटेचं रक्त

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. डॉक्टरकीशी माझा संबंध रुग्णाचा, किंवा रुग्णाबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून राहणाऱ्या नातेवाइकाचा. तरीही आज मी चक्कर आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी या विषयावर बोलणार आहे. कारण ही तपासणी आमच्या घरात दोनदा आली. एकदा वडिलांसाठी आणि एकदा माझ्यासाठी. पहिल्या वेळी तिने घर सावरलं, दुसऱ्या वेळी तिची काही गरजच नव्हती. असं का झालं, याचा शोध घेताना मी जुन्या इतिहासात शिरलो आणि तिथे बराच काळ रमलो.

आम्ही मिरजेचे. वडिलांना आम्ही अब्बा म्हणायचो. ते घरं रंगवायचे. आधी चुना आणि निळीची कामं, पुढे डिस्टेंपर आणि ऑइलपेंट. ते डावखुरे होते. उजव्या हाताने घोडा धरायचा आणि डाव्या हाताने छतावर कुंचला मारायचा, अशी त्यांची सवय. १९९८ सालच्या उन्हाळ्यात त्यांना एक विचित्र त्रास सुरू झाला. छताचं काम काढलं की थोड्या वेळात डावा हात भरून यायचा आणि पाठोपाठ घर फिरायला लागायचं. घोड्यावरून उतरून, हात खाली सोडून भिंतीला टेकून बसलं की पाच मिनिटांत सगळं पुन्हा जागेवर. अम्मा विचारायची, “अजी, क्या होरा तुमकू?” ते म्हणायचे, “कुछ नै. चक्कर आरी.”

मग प्रत्येकाने आपापलं निदान केलं. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं पित्त. कुणी मणक्यात गॅप सांगितली आणि मानेला पट्टाही आला. शेजारच्या चाचांनी तर निकालच दिला, की आता वय झालं, उंची सोसत नाही. अब्बा बासष्ट वर्षांचे होते आणि दिवसाला विडीचं एक बंडल संपवत होते. त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण बोलणाऱ्यांच्या ओठांतही विडीच होती.

शेवटी आम्ही गल्लीजवळच्या एका वृद्ध डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अब्बांना एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी विचारला. चक्कर येते म्हणजे काय होतं? कधी येते? काय करताना येते? मग त्यांनी अब्बांची दोन्ही मनगटं एकाच वेळी हातात घेतली आणि डोळे मिटून बसले. उजवी नाडी ठणठणीत होती, डावी बारीक. दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला. दोन हातांत तीसचा फरक निघाला. त्यांनी चिठ्ठी लिहिली: मानेतल्या धमन्यांची कलर डॉपलर सोनोग्राफी. त्या खोलीत काय दिसलं ते पुढे सांगतो. आधी हा चक्कर नावाचा शब्द आणि ते यंत्र इथवर कसे पोहोचले, ते पाहू.

आपल्या भाषेत या त्रासाला किती शब्द आहेत पाहा. चक्कर, घेरी, भोवळ, अंधारी, गरगरणं. रोजच्या बोलण्यात आपण हे सगळे शब्द एकाच पोत्यात भरतो. जुने वैद्य असं करत नव्हते. आयुर्वेदाच्या माधवनिदानात भ्रम आणि मूर्च्छा यांची लक्षणं वेगवेगळी दिली आहेत. १०३७ साली वारलेल्या इब्न सीना या हकिमाचा ‘अल-कानून फित्-तिब्ब’ हा ग्रंथ शतकानुशतकं पूर्वेला आणि पश्चिमेला अभ्यासला गेला. त्यातही ‘दुवार’ आणि ‘सदर’ अशी दोन नावं येतात. भोवतालच्या वस्तू आपल्याभोवती फिरताहेत असं वाटणं म्हणजे दुवार. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधार येऊन कोसळायला होणं म्हणजे सदर. आपली चक्कर आणि आपली अंधारी. हजार वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाकडे ना सुई होती ना यंत्र. रुग्ण काय सांगतो ते नीट ऐकून घेणं, एवढंच साधन होतं. ही वाटणी आजच्या डॉक्टरालाही उपयोगी पडते.

मधल्या काळात मात्र हे ऐकणं मागे पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात चक्करेचा जोरदार झटका आला, की डॉक्टर म्हणत, मेंदूत रक्त चढलं. उपाय ठरलेला. शीर कापून रक्त काढा किंवा जळवा लावा. आधीच भेलकांडणारा माणूस त्यामुळे आणखी गळून जायचा. या समजुतीला धक्का दिला तो प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी. ते पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत काम करत होते. कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं आणि त्याबरोबरच भयंकर चक्कर येते, असे रुग्ण त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले होते. जानेवारी १८६१ मध्ये त्यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे सांगितलं, की या चक्करेचं घर मेंदूत नाही, आतल्या कानात आहे. पुढच्याच वर्षी ते वारले. ज्या आजाराला आज त्यांचं नाव आहे, त्याची कीर्ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

कानाचा हा धागा पुढे नेला व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी. ते रुग्णांचे कान पाण्याने धूत. पाणी जरा गार असलं की रुग्ण म्हणे, डॉक्टर, गरगरतंय. पाणी जरा कढत झालं तरी तेच. बारानींच्या लक्षात आलं, की अशा वेळी रुग्णाचे डोळे एका दिशेने झटके देत थरथरतात आणि गार पाण्याने एका बाजूला, तर गरम पाण्याने उलट बाजूला. म्हणजे आतल्या कानातलं पाणी तापमानाने हलतं आणि डोळे त्याची चुगली करतात. या कामाबद्दल त्यांना १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात पकडले जाऊन रशियाच्या कैदेत होते. स्वीडनच्या राजपुत्राने रेडक्रॉसमार्फत रदबदली केली आणि १९१६ साली सुटून आल्यावर त्यांनी तो सन्मान घेतला.

आता कानावरून मानेवर येऊ. मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्या चार. दोन पुढे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना, बोट ठेवलं की ठोके लागणाऱ्या. त्या कॅरोटिड. हे नाव ग्रीक आहे आणि त्याच्या मुळाशी गुंगी असा अर्थ आहे. या धमन्या दाबल्या की माणूस गुंगतो, असं जुन्या ग्रीकांना वाटे. आमच्या घरच्या भाषेत गळ्याच्या मोठ्या रगेला ‘शहारग’ म्हणतात, म्हणजे रगांची राणी. उर्दू कवितेत अगदी जवळचं काही सांगायचं असलं की ही शहारग हमखास येते. उरलेल्या दोन धमन्यांना मात्र कुठल्याच कवीने विचारलं नाही. त्या मागे असतात, बोटाला लागत नाहीत. मानेच्या मणक्यांना बाजूला छोटी छिद्रं असतात. त्यांतून त्या सुईत दोरा ओवावा तशा वर जातात आणि कवटीत शिरल्यावर एक होतात. या व्हर्टिब्रल धमन्या. तोल सांभाळणारा लहान मेंदू, मेंदूचा देठ आणि आतला कान यांना रक्त मिळतं ते या मागच्या वाटेनं. म्हणून चक्करेचा रक्ताशी संबंध असलाच, तर तो बहुधा या मागच्या जोडीशी असतो.

चार वाटांनी आलेलं रक्त मेंदूच्या तळाशी एका कड्यात मिळतं. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६६४ साली मेंदूच्या रचनेवरचा आपला लॅटिन ग्रंथ छापला, त्यात हे कडं नीट दाखवलं. त्या ग्रंथातल्या चित्रांना हात लागला होता ख्रिस्तोफर रेन यांचा. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारे हेच ते वास्तुकार. हे कडं म्हणजे गावाबाहेरचा वळणरस्ता समजा. एक रस्ता अडला तरी दुसरीकडून गाडी येते. या सोयीमुळे असंख्य माणसं वाचतात. पण याच सोयीमुळे कधीकधी एक चोरीही होते. तिची गोष्ट पुढे येईल.

धमन्या कुठे आहेत ते कळलं. पण जिवंत माणसाच्या मानेत रक्त कुठल्या दिशेने आणि किती वेगाने चाललं आहे, हे कसं कळावं? १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी धमनीत औषध टोचून एक्स-रेवर मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. ते मोठंच काम होतं, पण त्यात टोचणं आलं, धोका आला. सुई न लावता मानेतलं रक्त पाहण्याची युक्ती एका अगदीच परक्या वाटेने आली. आकाशातल्या ताऱ्यांकडून.

ख्रिस्तियन डॉपलर हे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या पाथरवट घराण्यातले. प्रकृती नाजूक, म्हणून छिन्नी-हातोडा सोडून गणिताकडे वळलेले. मे १८४२ मध्ये प्राग शहरात त्यांनी जोडताऱ्यांच्या रंगावर एक निबंध वाचला. म्हणणं असं, की लाटा पाठवणारी वस्तू आपल्याकडे येत असेल, तर लाटा दाटीने पोहोचतात आणि दूर जात असेल तर विरळ. म्हणून ताऱ्याचा रंग बदलतो. ताऱ्यांच्या रंगाबाबत त्यांचा तर्क चुकला, पण नियम खरा निघाला. तीन वर्षांनी, १८४५ साली, हॉलंडमधल्या बाइस बॅलॉट या शास्त्रज्ञांनी तो तपासायचं ठरवलं. त्यांना मुळात शंकाच होती. त्यांनी रेल्वेच्या इंजिनामागच्या उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले आणि रुळांशेजारी पक्क्या कानाचे वादक उभे केले. तुतारी एकच सूर धरून येत होती. पण गाडी जवळ येताना तो चढा ऐकू आला आणि पुढे निघून जाताना उतरलेला. आपण फाटकावर उभे असताना एक्स्प्रेस शिटी मारत जाते, तेव्हा हेच ऐकतो. डॉपलर १८५३ साली व्हेनिसमध्ये छातीच्या विकाराने गेले. आपलं नाव एक दिवस गल्लीबोळातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर लागेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

पुढची पायरी जपानमधली. ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा नावाचे तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर माणसाच्या छातीवर अतिध्वनीच्या, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटा सोडल्या आणि हृदयाच्या हालचालीने परतीच्या लाटांचा सूर बदलतो, हे दाखवलं. या प्रयोगांत मध्येच एक बारीक खरखर येत असे. ती टाकून न देता ते तिच्या मागे लागले. ती खरखर होती वाहत्या रक्ताची. जिरो कानेको या मेंदूविकाराच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी ही युक्ती डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर वापरली. १९६० साली सातोमुरा वारले, तेव्हा ते जेमतेम चाळिशीत होते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरातही याच सुमारास असं काम सुरू झालं होतं. तिथेच १९७४ साली रक्तवाहिनीचं चित्र आणि प्रवाहाचा वेग एकत्र दाखवणारं यंत्र तयार झालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी त्यात रंग भरले.

हे यंत्र आत करतं तरी काय? इथे मला आमच्या मिरजेची मदत घेऊ द्या. आमच्या गावात तंबोरे बनतात. लहानपणी शाळेतून येताना मी सतारमेकरांच्या दुकानापुढे थांबायचो. कारागीर जोडीच्या दोन तारा जुळवत असे. सूर जवळजवळ एक, पण किंचित फरक. त्या फरकातून एक तिसराच आवाज उठतो, वॉंव... वॉंव... असा डोलणारा. फरक जास्त असला तर डोल भराभर, कमी असला तर सावकाश. तारा एकसुरात आल्या की डोल थांबतो. डॉपलर यंत्रही हा फरकच पकडतं. मानेवर ठेवलेला प्रोब सेकंदाला समजा ५० लाख कंपनांचा आवाज आत सोडतो. आपला कान फार तर २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, तेव्हा हा आवाज आपल्याला ऐकू येणं शक्य नाही. तो धावत्या लाल पेशींवर आपटून परततो, तेव्हा त्याचा सूर किंचित बदललेला असतो. रक्त सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात असेल आणि प्रोब नेहमीसारखा तिरपा धरला असेल, तर हा फरक साधारण दीड हजार कंपनांचा येतो. आणि दीड हजार कंपनं आपल्या कानाला छान ऐकू येतात! म्हणून त्या खोलीत ‘हुश्श... हुश्श...’ असा आवाज येतो. प्रोब अगदी काटकोनात धरला तर काहीच ऐकू येत नाही, कारण रक्त तेव्हा प्रोबच्या जवळही येत नसतं आणि दूरही जात नसतं.

रंगांबद्दल एक गैरसमज असतो. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं आपल्याला शाळेपासून वाटतं. या पडद्यावर लाल आणि निळा हे फक्त दिशा सांगतात. एक प्रोबकडे येणाऱ्या रक्ताचा, दुसरा दूर जाणाऱ्याचा. कुठला रंग कुणाला द्यायचा, ते यंत्र चालवणारा ठरवतो. मानेतल्या चारही धमन्यांचं काम वर जाण्याचं, म्हणून चारही एकाच रंगात दिसायला हव्यात.

आता १९९८ सालच्या त्या खोलीत चला. दारावर पाटी होती, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. या यंत्राचा एक काळा वापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सगळ्यांत आधी कायदा केला आणि १९९४ साली तो देशाचा झाला. अब्बांनी पाटी वाचली आणि हसून माझ्याकडे पाहिलं. आत त्यांच्या मानेवर गार जेल लावली. प्रोब पुढच्या धमनीवर ठेवला, पडदा लाल झाला. मग डॉक्टरांनी प्रोब जरासा मागे वळवला, मणक्यांच्या दोन आडव्या काड्यांमधली फट शोधली. उजव्या बाजूची मागची धमनीही लाल. मग डावी बाजू. पुढची धमनी लाल आणि मागची निळी.

डॉक्टरांनी काही न बोलता अब्बांच्या डाव्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधला, हवा भरून काही मिनिटं घट्ट ठेवला आणि एकदम सोडला. भुकेल्या हाताकडे रक्त धावलं. पडद्यावरचा निळा रंग उजळला आणि ‘हुश्श’चा आवाज चढला. मेंदूकडे जायचं रक्त मानेतून उलटं खाली हाताकडे येत होतं.

हीच ती चोरी. १९६० साली इटलीत कोंतोर्नी यांनी हे उलटं वाहणं एक्स-रेच्या तपासणीत पाहिलं. १९६१ साली अमेरिकेत मार्टिन राइविच आणि सहकाऱ्यांनी त्याचा मेंदूच्या लक्षणांशी संबंध दाखवला आणि मिलर फिशर यांनी त्याला ‘स्टील’, म्हणजे चोरी, असंच नाव दिलं. हाताकडे जाणारी मोठी धमनी, सबक्लेव्हियन, तिच्या उगमापाशी चरबीच्या थराने अरुंद होते. डाव्या बाजूला हे अधिक आढळतं. पुढे त्याच धमनीतून मानेत जाणारी मागची धमनी फुटते. हात स्वस्थ असतो तोवर भागतं. हात राबायला लागला की त्याला रक्त पुरत नाही. मग तो मागच्या वाटेने मेंदूच्या कड्यातून ओढून घेतो. वळणरस्ता उलटा वाहतो. मेंदूच्या मागच्या भागाला तेवढा वेळ कमी पडतं आणि घर फिरायला लागतं.

मला आठवतं, अब्बा आपल्या डाव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. ज्या हाताने चाळीस वर्षं घर चालवलं, तोच चोर ठरला होता. मी म्हटलं, “अब्बा, हाताचा काय दोष? तो उपाशी होता.” खरा दोष विडीचा होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि फुग्याने धमनी रुंद करणं, असे दोन्ही मार्ग समजावले. अब्बांनी विडी सोडली, छताची कामं सोडली, रोजच्या गोळ्या घेतल्या आणि खाली उभं राहून खिडक्या-दारं रंगवत राहिले. चक्कर जवळपास थांबली. ते २०११ साली गेले, ते वेगळ्या आजाराने.

आता दुसरी वेळ. २०२१ सालच्या एका पहाटे मी अंथरुणात उजव्या कुशीवर वळलो आणि छत भिंगरीसारखं फिरलं. अर्ध्या मिनिटात थांबलं. पुन्हा वळलो, पुन्हा तेच. मला अब्बांचा निळा रंग आठवला. हातपाय गार पडले. बायको म्हणाली आधी डॉक्टरांना दाखवू. पण मी ऐकायला तयार नव्हतो. हट्टाने मानेची डॉपलर करून घेतली. चारही धमन्या एकाच रंगाच्या, प्रवाह उत्तम. कागद खिशात घालून घरी आलो आणि रात्री कूस बदलताच छत पुन्हा फिरलं. रिपोर्ट चांगला आणि माणूस वाईट, अशी माझी स्थिती.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनीही त्या वृद्ध डॉक्टरांसारखंच विचारलं. चक्कर म्हणजे काय होतं? कधी? किती वेळ? मी सांगितलं, कूस बदलताना, अर्धा मिनिट. त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं. डोकं टेबलाच्या कडेखाली. छत फिरलं, आणि त्या माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, “सापडलं!” ही चाचणी १९५२ साली लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी सविस्तर मांडली. आतल्या कानात चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. त्यातले काही जागा सोडून अर्धगोल नळीत शिरले, की डोकं हलताच मेंदूला खोटी बातमी जाते. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे परत जागेवर नेण्याची रीत काढली. सुरुवातीला सहकारी त्यांना हसले. १९९२ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि आज जगभर तीच रीत चालते. माझं डोकं चार वेळा वळवलं, पाच-सात मिनिटं लागली. त्या रात्री मी कुठल्याही कुशीवर झोपू शकलो. रंगाऱ्याच्या मुलाला चुन्यानेच घेरी आणावी, याचं मला नंतर हसू आलं.

या दोन अनुभवांमुळे मला इतिहासातली एक गंमत दिसते, आणि ती थोडी बोचरीही आहे. एकोणिसाव्या शतकात चक्कर आली की म्हणत, मेंदूत रक्त जास्त झालं. विसाव्या शतकात म्हणू लागले, मेंदूला रक्त कमी पडलं, मान आवळली गेली. मान वळवल्याने मागची धमनी दाबली जाते, असे रुग्ण खरोखर असतात. १९७८ साली धनुष्याचा सराव करताना मान वळवून धरणाऱ्या एका माणसाची नोंद झाली आणि त्यावरून या विकाराला तिरंदाजाचं नाव पडलं. पण असे रुग्ण विरळा. फिरणाऱ्या चक्करेची बरीचशी कारणं कानातच सापडतात. तरीही मानेच्या पट्ट्यांचा आणि मानेच्या सोनोग्राफीचा आधार आपल्याला जवळचा वाटतो, कारण छापील कागद हातात पडतो.

या तपासणीला कमी लेखायचं नाही. तिच्याविना अब्बांच्या हाताची चोरी इतक्या सहज पकडली गेली नसती. पण तिच्या मर्यादा आहेत. हाडाआड गेलेला भाग तिला दिसत नाही. मागच्या धमनीचे तुकडेच मणक्यांच्या फटींतून दिसतात. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी मेंदूच्या मागच्या भागातला झटका नाही, अशी हमी मिळत नाही. उलट, पुढच्या धमनीत वयोमानाने थोडा थर दिसला, तर तोच चक्करेचं कारण, असंही म्हणता येत नाही. नुसती भोवळ येऊन पडलेल्या, मेंदूची दुसरी लक्षणं नसलेल्या रुग्णाची कॅरोटिड तपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्याच डॉक्टरांना सांगितलं. २००९ साली एका अभ्यासातून असंही पुढे आलं, की सतत चक्कर असलेल्या रुग्णाचे डोळे जाणकार डॉक्टराने खाटेपाशी नीट तपासले, तर मेंदूचा झटका ओळखण्यात ते सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही सरस ठरू शकतं. बारानींनी पाहिलेली डोळ्यांची थरथर अजून कामाला येते आहे.

म्हणून एवढंच सांगतो. चक्करेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, घास गिळता येईना, हात-पाय लुळा पडला, उभंच राहता येईना किंवा डोकं अचानक भयंकर दुखू लागलं, तर घरगुती निदानं बाजूला ठेवा आणि तडक मोठं इस्पितळ गाठा. तिथे मिनिटाला किंमत असते. असं काही नसेल, तर डॉक्टरांकडे जाताना आपला शब्द नेमका करून न्या. मी फिरतो की घर फिरतं? उभं राहताना अंधारी येते की कूस बदलताना गरगरतं? हात राबत असताना येते का? किती वेळ टिकते? हे आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

अब्बांचा तो डॉपलरचा कागद मी जपून ठेवला आहे. रंग आता फिकट झाले आहेत, पण निळी रेघ अजून ओळखू येते. ती पाहिली, की मला ते वृद्ध डॉक्टर आठवतात, डोळे मिटून, दोन्ही हातांत अब्बांची दोन मनगटं धरून बसलेले. तो कागद त्यांच्या चिठ्ठीमुळे निघाला. आणि ती चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी अब्बांना पुरतं बोलू दिलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)